ठोकळा मागून घ्या: प्रोस्टेटची ग्रेड, संगणक आणि आपण

प्रोस्टेटची बायोप्सी झाली की घरच्यांचा सगळा जीव रिपोर्टच्या कागदात अडकतो. कागद येतो. त्यावर ‘अडिनोकार्सिनोमा’, म्हणजे ग्रंथींचा कॅन्सर, आणि पुढे ‘ग्लीसन ३+४=७’ असा हिशेब असतो. मग तो कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून मंडळी कबनूरहून इचलकरंजी, तिथून कोल्हापूर, नाहीतर मिरज, अशी फिरू लागतात. ज्या तुकड्यावरून तो कागद लिहिला गेला, तो तुकडा मात्र मेणाच्या ठोकळ्यात बसून लॅबच्या कपाटात राहतो. आपल्या भागातल्या कुटुंबांना मला एकच गोष्ट कळकळीने सांगायची आहे: तो ठोकळा आणि त्याच्या काचा मागून घ्या. लॅबमध्ये त्यांना ब्लॉक आणि स्लाइड म्हणतात. हल्ली संगणक काच बघून कॅन्सरची ग्रेड सांगतो असे कानावर येते आणि ते खरेही आहे. पण संगणक असो की मुंबईचा तज्ज्ञ, दोघांनाही वाचायला काच लागते, कागदावरून कुणालाच काही वाचता येत नाही.

आधी ही ग्रेड म्हणजे काय ते समजून घेऊ. अमेरिकेत मिनिआपोलिसच्या माजी सैनिकांच्या रुग्णालयात डोनाल्ड ग्लीसन नावाचे पॅथॉलॉजिस्ट होते. १९६६ साली त्यांनी प्रोस्टेटच्या कॅन्सरची प्रत लावायची एक पद्धत मांडली. तिची खुबी अशी की तीत एकेक पेशी न्याहाळायची नसते. मायक्रोस्कोपचे भिंग कमी ताकदीचे ठेवून ग्रंथींची एकंदर रचना बघायची असते. मागावरून उतरलेले कापड तपासणारा माणूस धागे मोजत बसत नाही. कापड टेबलावरून ओढताना वीण कुठे बिघडली ते त्याला नजरेनेच कळते. ग्लीसनची नजर तशीच आहे. ग्रंथी सुट्या, आपापल्या जागी, गोलाकार दिसल्या तर नमुना ३. त्या एकमेकींत मिसळल्या, किंवा चाळणीसारखी भोके पडलेले पुंजके दिसले तर नमुना ४. ग्रंथी उरल्याच नाहीत, पेशी रांगांनी किंवा एकेकट्या पसरल्या, तर नमुना ५. सुईने काढलेल्या बायोप्सीत सर्वात जास्त दिसणारा नमुना आधी लिहितात आणि उरलेल्यांपैकी सर्वात वाईट नमुना त्यात मिळवतात. बेरीज येते ती ग्लीसन स्कोअर.

इथेच घरोघरी गोंधळ होतो. ३+४ आणि ४+३ या दोन्हींची बेरीज सातच. पण पहिल्यात सौम्य भाग जास्त आहे आणि दुसऱ्यात बिघडलेला भाग जास्त आहे, त्यामुळे पुढचा उपचार बदलू शकतो. हा घोळ मिटावा म्हणून जोनाथन एपस्टाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली १ ते ५ अशा ग्रेड ग्रुपची सोपी मांडणी सुचवली. २०१४ च्या शिकागोतल्या तज्ज्ञांच्या बैठकीत ती स्वीकारली गेली आणि २०१६ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात आली. स्कोअर ६ म्हणजे ग्रुप १, ३+४ म्हणजे ग्रुप २, ४+३ म्हणजे ग्रुप ३, ८ म्हणजे ग्रुप ४, आणि ९ व १० म्हणजे ग्रुप ५. तुमच्या रिपोर्टवर नुसते ‘ग्लीसन ७’ लिहिले असेल तर तो रिपोर्ट अपुरा आहे. कोणता सात, हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

दुसरी भीती सहाची. ‘दहापैकी सहा, म्हणजे निम्म्याच्या पुढे गेला’ असे वाटून घरात रडारड होते. वस्तुस्थिती अशी आहे की १ आणि २ हे नमुने आता सुईच्या बायोप्सीत कुणी देत नाही. त्यामुळे सहा हा व्यवहारात सर्वात खालचा, सर्वात सौम्य आकडा आहे. या गटातल्या बऱ्याच रुग्णांना लगेच ऑपरेशन किंवा रेडिएशन लागत नाही. ठरलेल्या अंतराने पीएसएची रक्ततपासणी, एमआरआय आणि गरज पडली तर पुन्हा बायोप्सी करून देखरेख ठेवता येते. घरातल्या आण्णांचे वय पंचाहत्तर आणि ग्रुप १ असेल, तर घाईने शेत किंवा माग विकायला काढण्याआधी हा पर्याय डॉक्टरांकडून समजून घ्या.

एवढे सगळे ज्या आकड्यावर ठरते, तो आकडा माणसाच्या नजरेने काढलेला असतो, आणि दोन चांगल्या नजरा वेगळे सांगू शकतात. ही कुणा डॉक्टरावर टीका नाही. ३ कुठे संपतो आणि ४ कुठे सुरू होतो, तिथे निसर्गाने रेघ मारलेली नाही. २०२० साली ‘जामा ऑन्कॉलॉजी’ या नियतकालिकात गूगलच्या संशोधकांचा एक अभ्यास आला. प्रोस्टेटमध्येच मुरलेल्या तज्ज्ञांनी ठरवलेल्या ग्रेडशी सर्वसाधारण पॅथॉलॉजिस्टांची ग्रेड ५८ टक्के नमुन्यांत जुळली, आणि संगणकाची ७१.७ टक्के नमुन्यांत. हे दोन्ही आकडे नीट वाचा. यंत्र सरस ठरले खरे, पण शंभरातल्या अठ्ठावीस ठिकाणी तेही तज्ज्ञांपासून वेगळेच बोलले. म्हणूनच ‘संगणकाने सांगितले’ एवढ्यावर कुणी तुमचा निर्णय ठरवू लागले, तर थोडे थांबा.

संगणकाचे काम कसे चालते? आधी काच स्कॅनरमध्ये घालतात. स्कॅनर तिचे इतके बारीक चित्र घेतो की एक ठिपका साधारण पाव ते अर्धा मायक्रॉन भरतो, आणि एका काचेचे चित्र अब्जावधी ठिपक्यांचे होते. एवढे मोठे चित्र एका घासात घेता येत नाही, म्हणून त्याचे हजारो लहान चौकोन पाडतात. यंत्र प्रत्येक चौकोनाकडे बघून तिथे साधी ग्रंथी आहे, ३ आहे की ४ आहे असा अंदाज बांधते. मग सगळे अंदाज जुळवून काचेवर रंगीत नकाशा काढते आणि कोणत्या नमुन्याचे प्रमाण किती टक्के तेही सांगते. हे प्रमाण मोजणे यंत्राला माणसापेक्षा सोपे जाते. ३+४ मध्ये चारचा भाग दहा टक्के आहे की चाळीस, याला आज महत्त्व आले आहे. डोळ्यांनी अंदाज बांधणारा माणूस इथे सहज इकडेतिकडे होतो.

या विद्येच्या पायाभरणीत मुंबईत शिकलेल्या एका माणसाचा हात आहे, हे आपल्याकडे फारसे ठाऊक नाही. अनंत मदाभूषी यांनी १९९८ साली मुंबई विद्यापीठातून बायोमेडिकल इंजिनिअरिंगची पदवी घेतली आणि पुढे अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातून पीएचडी केली. आजची ‘डीप लर्निंग’ची यंत्रे येण्याच्या कितीतरी आधी, २००७ साली, त्यांच्या गटाने प्रोस्टेटच्या चित्रांतून पेशीकेंद्रांची मांडणी आणि ऊतीचा पोत मोजून ग्रेड ओळखण्याचे काम प्रसिद्ध केले. त्यांच्याच गटाचे २०२० सालचे एक काम आपल्यासाठी जास्त महत्त्वाचे आहे. आफ्रिकन-अमेरिकन रुग्णांच्या प्रोस्टेटमधल्या ग्रंथींभोवतालच्या ऊतीची मोजमापे घेऊन त्यांच्यासाठी वेगळे गणित मांडले, तर ऑपरेशननंतर आजार उलटण्याचा अंदाज अधिक चांगला येतो, असे त्यात दिसले. म्हणजे यंत्र कुणाच्या ऊतीवर शिकले याने फरक पडतो. हा प्रश्न कबनूरच्या माणसालाही लागू आहे.

या यंत्रांची एक मोठी परीक्षा ‘पांडा’ या नावाने झाली. २०२० साली नेदरलँड्समधले राडबाउड आणि स्वीडनमधली कारोलिन्स्का या दोन संस्थांनी दहा हजारांहून जास्त बायोप्सींची चित्रे खुली केली आणि ६५ देशांतल्या १,२९० जणांनी आपापली यंत्रे त्यावर घडवली. निवडक यंत्रे मग न पाहिलेल्या काचांवर तपासली. तज्ज्ञांशी जुळण्याचे माप, ज्यात १ म्हणजे पूर्ण एकमत, अमेरिकेतल्या काचांवर ०.८६२ आणि युरोपातल्या काचांवर ०.८६८ आले. निकाल २०२२ साली ‘नेचर मेडिसिन’मध्ये छापून आला. हे यश मोठे आहे आणि मला त्याचा मनापासून आनंद आहे. पण त्या पडताळणीत आपल्या लॅबमधली एकही काच नव्हती. आपल्याकडचा रंग गडद असतो किंवा फिका, मेणाचा काप कधी जाड पडतो, स्कॅनर वेगळ्या कंपनीचा असतो. माणूस अशा फरकांना सरावतो. यंत्राला मात्र ते मुद्दाम शिकवावे लागते.

परवानगीचा भागही नीट समजून घ्यावा. सप्टेंबर २०२१ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ‘पेज प्रोस्टेट’ या प्रणालीला मान्यता दिली. तिचे काम बायोप्सीत संशयास्पद जागा दाखवून पॅथॉलॉजिस्टला सावध करणे हे होते. ग्रेड ठरवणे नव्हे. १६ पॅथॉलॉजिस्ट आणि ५२७ चित्रांच्या अभ्यासात तिच्या मदतीने कॅन्सर सापडण्याचे प्रमाण सरासरी ७.३ टक्क्यांनी सुधारले. आपल्याकडे वैद्यकीय कामाचे सॉफ्टवेअर हे वैद्यकीय उपकरणांच्या २०१७च्या नियमांखाली येते आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२३ साली अशा यंत्रांसाठी नैतिक मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांचा गाभा हाच की माणसाची देखरेख सुटता कामा नये. रिपोर्टवर सही पॅथॉलॉजिस्टची हवी, आणि चुकले तर उत्तर देणाराही तोच हवा.

आता आपल्या भागातली एक खास अडचण. इकडे बऱ्याच म्हाताऱ्या माणसांचा कॅन्सर सुईच्या बायोप्सीत सापडत नाही. लघवी अडकते, दुर्बिणीतून प्रोस्टेट खरवडून काढतात, आणि त्या खरवडलेल्या तुकड्यांत तो अवचित निघतो. या ऑपरेशनला टीयूआरपी म्हणतात. पांडातली यंत्रे, पेज, या सगळ्या प्रणाली सुईच्या बायोप्सीसाठी घडवलेल्या आहेत. खरवडलेल्या तुकड्यांच्या कडा विजेने भाजलेल्या असतात. तिथल्या पेशी पिळवटून कॅन्सरसारख्या दिसू शकतात. शिवाय या तुकड्यांत ग्रेडइतकेच महत्त्व एकूण तुकड्यांपैकी किती टक्क्यांत कॅन्सर आहे याला असते. पाच टक्क्यांच्या आत आणि पाचच्या वर असे दोन टप्पे मानतात. तुमचा रिपोर्ट टीयूआरपीचा असेल आणि कुणी तो संगणकाने तपासून देतो म्हणाले, तर ‘ही प्रणाली अशा तुकड्यांवर तपासलेली आहे का?’ हा पहिला प्रश्न विचारा.

तशीच दुसरी अडचण आधीच्या औषधांची. हार्मोनचे इंजेक्शन, अंडकोष काढण्याचे ऑपरेशन किंवा रेडिएशन आधी झाले असेल, तर ग्रंथी आक्रसून त्यांची रचना बिघडते. त्या तुकड्याला ग्लीसन ग्रेड देऊ नये, असा नियम आहे. पॅथॉलॉजिस्टला ही माहिती नसेल तर तोही फसेल आणि यंत्र तर फसेलच. फिनास्टराइड किंवा ड्युटास्टराइड या गोळ्या बरेच महिने चालू असतील, तर पीएसए जवळपास निम्म्यावर येतो आणि चार दिसणारा आकडा खरा आठच्या आसपास असू शकतो. गोळ्यांची पाकिटे घेऊन जा. नाव आठवत नसेल तर पाकीटच दाखवा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर तेही सुई टोचण्याआधी सांगा. आणि बायोप्सीनंतर थंडी वाजून ताप आला तर सकाळची वाट न बघता रात्रीच दवाखाना गाठा.

संगणकाची गोष्ट निघाली की सगळे यंत्राबद्दल बोलतात. माझ्या मते ग्रेडचे निम्मे भवितव्य बाटलीत ठरते. सुईने निघालेला तुकडा दाभणाएवढा बारीक असतो. तो काढल्याबरोबर दहा टक्के फॉर्मालिनमध्ये गेला पाहिजे. सलाइनमध्ये नाही, पाण्यात नाही, आणि कोरड्या बाटलीत तर मुळीच नाही. फॉर्मालिन तुकड्याच्या निदान दहा पट हवे. शनिवारी संध्याकाळी बायोप्सी होऊन बाटली सोमवारपर्यंत दवाखान्यात राहणार असेल, तर हे जास्तच जपावे लागते. एकदा ऊती सुकली किंवा सडली की जगातला कुठलाही स्कॅनर ती परत आणू शकत नाही. साधारणपणे बारा तुकडे घेतात. उजवी-डावी बाजू आणि वरचा, मधला, खालचा भाग वेगवेगळ्या बाटल्यांत, नाव घालून पाठवले तर कॅन्सर कुठे आणि किती हे कळते. सगळे एकाच बाटलीत टाकले तर ती माहिती कायमची हरवते. बायोप्सीआधी डॉक्टरांना नम्रपणे विचारा: ‘डॉक्टर, बाटल्या वेगळ्या करणार ना? फॉर्मालिन कोण भरणार?’ चांगल्या डॉक्टरला या प्रश्नाचा राग येत नाही.

आता ठोकळ्याकडे येऊ. रिपोर्ट घेतानाच लॅबला सांगा की ब्लॉक आणि स्लाइड हव्या आहेत, आणि अर्ज लिहून द्या. रुग्णाने मागितलेली वैद्यकीय कागदपत्रे ७२ तासांत द्यावीत, असे वैद्यकीय परिषदेच्या २००२च्या आचारसंहितेत आहे. ठोकळा हा कागद नव्हे, म्हणून लॅब त्यासाठी वेगळी पावती घेईल आणि परत आणायला सांगेल. ते रास्त आहे. नुसत्या काचांवर समाधान मानू नका. कॅन्सरचा भाग अगदी लहान असेल तर पक्के करण्यासाठी ठोकळ्यातून नवे काप घेऊन पी६३, एएमएसीआर असे खास रंग द्यावे लागतात. साध्या ग्रंथीभोवती बेसल पेशींचे अस्तर असते आणि कॅन्सरमध्ये ते नसते. हे पी६३च्या रंगातून दिसते, पण त्यासाठी ऊती शिल्लक हवी. हातात घेताना प्रत्येक ठोकळ्यावरचा नंबर रिपोर्टवरच्या नंबराशी तिथेच ताडून बघा. काचा स्लाइडच्या डबीत किंवा कापडात नीट गुंडाळून न्या. ठोकळे एप्रिल-मेच्या उन्हात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका. ते मेण ५६ ते ६० अंशांच्या आसपास वितळते आणि बंद गाडीत काचेखाली ते मऊ पडायला वेळ लागत नाही. फ्रिजमध्येही ठेवायची गरज नाही. घरातली सावलीची, कोरडी जागा पुरे. बाहेरगावी पाठवायचे असतील तर शक्यतो घरच्या माणसाबरोबरच पाठवा.

घेऊन जायचे कुठे? सगळ्यांनी मुंबई गाठायची गरज नाही. रिपोर्ट स्पष्ट असेल, ग्रुप ४ किंवा ५ असेल, हाडांत पसरल्याचे स्कॅनमध्ये दिसत असेल, तर ग्रेडवर पुन्हा वेळ घालवण्याऐवजी उपचार सुरू करा. दुसऱ्या नजरेचा खरा उपयोग मधल्या जागी होतो: सहा की सात, ३+४ की ४+३, ‘संशयास्पद पण नक्की नाही’, किंवा मोठे ऑपरेशन करायचे की देखरेखीवर राहायचे. अशा वेळी कोल्हापूरच्या राजर्षी छत्रपती शाहू महाराज शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, म्हणजे आपल्या सीपीआरमध्ये, पॅथॉलॉजी विभागाकडे चौकशी करा. मिरज-सांगलीतही कॅन्सरची रुग्णालये आहेत. परळच्या टाटा मेमोरियलला गेलात तर ते बाहेरचा रिपोर्ट नुसता वाचून थांबत नाहीत. काचा आणि ठोकळे मागतात आणि आपल्या तज्ज्ञांकडून पुन्हा बघून घेतात. ज्यांनी ठोकळा नेला नाही त्यांना तो आणायला परत गावी यावे लागते, आणि आजारी माणसाला घेऊन ही फेरी फार जीवावर येते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात आणि त्यात कॅन्सरही येतो. तिथेही बायोप्सीचा पुरावा लागतोच. रुग्णालय योजनेत आहे का, हे दाखल होण्याआधी तिथल्या आरोग्यमित्राला विचारा.

हल्ली एक गोष्ट वाढली आहे, ती थांबवली पाहिजे. कुणीतरी मायक्रोस्कोपवर मोबाइल धरून फोटो काढतो, घरचा कॉलेजात शिकणारा मुलगा तो एखाद्या गप्पा मारणाऱ्या ॲपला दाखवतो, आणि ॲप छान मराठीत ग्रेड सांगून मोकळे होते. त्या फोटोत काचेचा एक कोपरा असतो. ग्लीसनची बेरीज सगळ्या तुकड्यांतल्या प्रमाणावर ठरते, एका कोपऱ्यावर नाही. ते ॲप या कामासाठी तपासलेले वैद्यकीय उपकरणही नाही. रिपोर्टमधल्या अवघड शब्दांचा अर्थ समजून घ्यायला त्याचा उपयोग करा, पण आण्णांचे नाव, नंबर झाकून. ग्रेड मात्र त्याच्याकडून घेऊ नका.

आणि एखाद्या रुग्णालयाने खरोखरच ‘आमच्याकडे संगणकाने ग्रेड तपासतात’ असे सांगितले, तर ते पुढारलेले आहेत. त्यांचा फायदा घ्या. फक्त दोन-तीन गोष्टी विचारून घ्या. अंतिम सही कोणाची, आणि त्या डॉक्टरांनी काच स्वतः पाहिली का? प्रणाली भारतीय रुग्णांच्या काचांवर तपासली आहे का? यंत्र आणि डॉक्टर यांचे मत वेगळे पडले तर तुम्ही काय करता? या शेवटच्या प्रश्नाचे मला पटणारे उत्तर एकच आहे: ‘तिसऱ्या, प्रोस्टेटमध्ये मुरलेल्या डॉक्टरकडे पाठवतो.’ तुमच्या काचांची चित्रे पुढे संशोधनासाठी वापरायची असतील तर वेगळी संमती मागितली पाहिजे. मागितली तर, नाव काढून टाकण्याच्या अटीवर, जरूर द्या. यंत्रे युरोप-अमेरिकेच्या ऊतीवर शिकली, कारण तिथल्या लोकांच्या काचा जतन झाल्या आणि उपलब्ध झाल्या. हातकणंगले तालुक्यातल्या माणसांच्या काचा कपाटात पडून राहिल्या, किंवा टाकून दिल्या गेल्या, तर आपली ऊती यंत्राला कधीच ओळखता येणार नाही.

रिपोर्ट आधीच आलेला असेल आणि ठोकळा अजून लॅबमध्येच असेल, तर या आठवड्यात फोन करून तो किती वर्षे ठेवतात ते विचारा आणि मागणीचा अर्ज देऊन टाका.